पॅकेज छापता, तसा पगारही छापा

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यातली आपली शैक्षणिक पुरवणी मी जाहिरातींसकट वाचली. मजकूर कमी आणि कॉलेजांच्या जाहिराती जास्त, पण त्याबद्दल काही म्हणणं नाही. कागद महाग झालाय, पेपर चालवायचा तर जाहिराती लागणारच. म्हणणं वेगळं आहे. जवळपास प्रत्येक जाहिरातीत टाय लावलेल्या एका मुलाचा फोटो आणि खाली जाड अक्षरात 'सर्वोच्च पॅकेज'. कुठे १२ लाख, कुठे १८ लाख. त्या मुलाचं अभिनंदन. पण त्याच्यासोबत त्याच वर्गात बसलेल्या बाकीच्या मुलांचं पुढे काय झालं? ते ना जाहिरातीत आहे, ना पुरवणीतल्या 'बारावीनंतर काय?' या लेखात.

मी चोपड्यात महा ई-सेवा केंद्र चालवतो. दाखले, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, प्रवेशाचे अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन. म्हणजे मुलगा शाळेतून बाहेर पडल्यापासून त्याचं लग्न जमेपर्यंतचा सगळा कागद आमच्या टेबलावरून जातो. गल्लीतल्या कुणाला किती टक्के पडले हे त्याच्या काकाला माहीत नसेल, मला असतं. आणि पुढे त्याला किती पगार पडतो, तेही बहुतेक वेळा कळतं, कारण त्याला कसलातरी उत्पन्नाचा दाखला लागतोच.

या धंद्यात कमाईच्या आकड्यावर फार विश्वास ठेवायचा नाही, हे पहिलं शिकायला मिळतं. एकाच घरातला थोरला सकाळी येतो, धाकट्याच्या शिष्यवृत्तीसाठी दाखल्याचा अर्ज भरतो, घरचं वार्षिक उत्पन्न ४८ हजार. तोच दुपारी लग्नाचा बायोडाटा टाइप करायला येतो. शिक्षण बी.ई., नोकरी पुण्याला नामांकित कंपनीत, पॅकेज ६ लाख. मी मान खाली घालून टाइप करतो. दाखला तलाठ्याच्या चौकशीतून जातो, बायोडाटा मुलीच्या मामाच्या चौकशीतून, आणि खरं सांगायचं तर मामाची चौकशी जास्त कडक असते. चाकणला फोन लागतो, कॉन्ट्रॅक्टवर की पर्मनंट, हातात किती पडतात, रूमवर कितीजण राहतात, सगळं निघतं. मुलीच्या मामाला जी चौकशी जमते, ती प्रवेश घेताना बापाला का जमत नाही, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तरही मला माहीत आहे. मामाकडे फोन नंबर असतो. बापाकडे फक्त जाहिरात असते.

मी स्वतः डी.एड. झालेला. २०१० च्या शिक्षणसेवक सीईटीत थोडक्यात हुकलो, म्हटलं पुढच्या वेळी. २०१२ पासून भरतीच थांबली, २०१३ ला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि ज्या काळात जिथे तिथे डी.एड. कॉलेजं निघाली होती त्यातली कितीतरी पुढे ओस पडली. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही. एवढंच, की आम्ही प्रवेश घेत होतो तेव्हा आधीच्या बॅचमधल्या किती जणांना शाळा मिळाली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

शिकून कमाई वाढते का? वाढते. अर्थतज्ज्ञांनी याचा हिशोब लावलेला आहे. साखारोपुलोस आणि पॅट्रिनोस या दोघांनी २०१८ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची जुळणी करून दाखवलं, की शिक्षणाचं एक जादा वर्ष म्हणजे कमाईत सरासरी ९ टक्के वाढ. आकडा चांगला आहे आणि मला तो खोटा वाटत नाही. पण असल्या हिशोबात बहुतेक वेळा कमावणाऱ्यांचीच कमाई मोजलेली असते. जो पदवी घेऊन घरी बसलाय, त्याला पगारच नाही, मग तो त्यात येणार कुठून? आपल्याकडे तोच तर मोठा आकडा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. तरुण पदवीधरांमधली बेकारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचताच येत नाही अशा तरुणांमधली ३.४ टक्के.

हा आकडा बघून पारावरची मंडळी लगेच म्हणतात, 'बघा, शिकीसन काय भेटनं?' तसं नाही. न शिकलेला बेकार दिसत नाही, कारण त्याला बेकार बसणं परवडत नाही. तो उद्या सकाळी कुणाच्या तरी शेतात असतो. पदवीधर वाट बघतो, आणि त्या वाट बघण्याचा खर्च कुणी धरत नाही.

हा खर्च कसा होतो ते मी जवळून बघतो. तापीकाठच्या एका गावचा मुलगा, बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. २०१९ मध्ये रेल्वेची ग्रुप डी भरती निघाली. जागा एक लाख ३ हजार ७६९, अर्ज एक कोटीच्या वर. पात्रता दहावी. हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता, तरी त्याने भरला, कारण भुसावळच्या रेल्वेत त्याच्या आत्याचे मिस्टर दहावीवर खलाशी (मदतनीस) लागले आणि निवृत्त होईस्तोवर त्यांनी दोन मुलं इंजिनिअर केली. आमच्या भागात 'शिकला म्हणजे मिळालं' हा विश्वास त्या पिढीने बसवून दिलाय. असो. अर्ज २०१९ चा, परीक्षा झाली २०२२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. मध्ये कोरोना होता, मान्य. पण तीन वर्षं गेलीच. त्या तीन वर्षांत त्याने जळगावला रूम केली, क्लास लावला, तलाठ्यासाठी मराठी व्याकरण, पोलिसासाठी सकाळचं ग्राउंड. २०२३ ची तलाठी भरती, ४ हजार ६४४ जागा आणि १० लाखांवर अर्ज, म्हणजे दोनशेहून जास्त अर्जांमागे एक. फी खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीवला नऊशे. रेल्वे निदान परीक्षेला बसलं की फीतले बरेचसे पैसे परत देते. तलाठ्याचे गेले ते गेले. मग २०२४ ची पोलीस भरती, १७ हजार ४७१ जागा, अर्ज पावणेअठरा लाख.

गेल्या उन्हाळ्यात तो केंद्रावर आला तेव्हा सरकारी योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर नोंदणी करायची होती. आधारला जुना मोबाइल नंबर, तो बंद, ओटीपी येईना. म्हटलं, अंगठा लाव. अंगठा काही लागेना. मशीनवर लाल दिवा, परत लाल दिवा. मी त्याचा हात उजेडात धरून बघितला तर पेरांवर केळीचा चीक बसून काळं पडलेलं, आणि अंगठ्याच्या रेषा घासून गुळगुळीत. सकाळच्या पारी केळी कटाईला जात होता. घड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत. चीक कपड्याला लागला की जात नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे, पण कातडीत असा मुरतो हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. लिंबू चोळलं, रुमालाने पुसलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. बाजूला त्याचे वडील बसलेले. ते त्याला म्हणाले, 'फारम भरी भरी म्हतारा व्हई जाशी.' मुलगा हसला. मीही हसलो, पण त्याच दिवशी अजून एका भरतीचा फॉर्म त्याने भरला आणि त्याचे पैसे मी घेतले.

कटाईला त्याला दिवसाचे पाचशे मिळतात. महिन्याला वीस दिवस धरले तर दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार. पदवीनंतरची पाच वर्षं त्याने धड काम न करता काढली, म्हणजे सहा लाख हे असे, वर रूम, मेस, क्लास, फी. आता तो तलाठी झाला तर मूळ पगार २५ हजार ५०० पासून सुरू, भत्ते वेगळे, आणि सगळं दोन-तीन वर्षांत भरून निघेल. झाला तर. प्रत्येक क्लासच्या फ्लेक्सवर झालेल्यांचेच फोटो असतात, आणि कॉलेजच्या जाहिरातीतही तेच.

शिक्षणाचा भाव सरकारनेच एकदा उघड लावून दिला, ते लोकांच्या लक्षात राहिलं नाही. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी पास, महिना ६ हजार. आयटीआय किंवा डिप्लोमा, ८ हजार. पदवीधर किंवा पदव्युत्तर, १० हजार. म्हणजे बारावीनंतर तीन वर्षं बी.ए. केलं तर चार हजार जास्त, आणि त्यावर आणखी दोन वर्षं घालून एम.ए. केलं तर एक रुपयाही जास्त नाही. हे अर्ज भरताना एम.ए. झालेल्या एका ताईंनी मला तीनदा विचारलं, 'दादा, आमचा रकाना वेगळा नाही का?' नाही. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पर्यंत ६ हजार होतं, मग १६ हजार केलं, ते चांगलं झालं. आणि नेट-सेट होऊन सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आमच्याकडे येतात, त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तासच नसतात, त्यामुळे पैसेही नसतात. वर्गातल्या मुलांना ते सांगतात, शिका. मुलं त्यांची गाडी बघतात.

पण मी शिकू नका म्हणणाऱ्यातला नाही, आणि हे पत्र त्यासाठी कुणी वापरू नये. सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावरची पावरा समाजाची मुलगी, आश्रमशाळेत शिकलेली, जी.एन.एम. हा नर्सिंगचा डिप्लोमा केला. तिचे शिष्यवृत्तीचे अर्ज तिन्ही वर्षं आम्हीच भरले. सुरतला खासगी दवाखान्यात लागली तेव्हा ११ हजार, आज २४ हजार घेते. तिचे वडील आमच्याकडे पैसे काढायला येतात, दर महिन्याला, आणि प्रत्येक वेळी मला पावती मोठ्याने वाचायला लावतात. सुरतेला आमची खान्देशातली माणसं दोन-तीन पिढ्यांपासून जातायत, लूमवर, साडीच्या मार्केटात, उधन्याला लिंबायतला बरीच वस्ती आपलीच. पण लूमवर गेलेला आणि नर्सिंग करून गेलेली यांच्या पगारातला फरक दहा वर्षांनी किती होतो, ते मी दोन्हीकडच्या पासबुकांत बघतो. लूमवाल्याचा आकडा फारसा हलत नाही.

दुसरा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. आधी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, आता सौर पंप बसवतो. एजन्सी पंपामागे पैसे देते. दोन पोरं हाताखाली.

तिसऱ्याचं उदाहरण मला जास्त आवडतं. बी.कॉम., सेकंड क्लास, कॉलेजात असताना कुणाच्या नजरेत न भरलेला. तो केळीच्या एक्स्पोर्टच्या माणसांबरोबर काम करतो. आखाताला जाणारा कंटेनर न्हावाशेव्याला कधी लागणार, १३ किलोच्या खोक्यात फण्या कशा बसवायच्या, फळाची जाडी किती हवी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला, सगळं तो बघतो. यातलं काहीही त्याला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं. मी एकदा त्याला विचारलं, मग तीन वर्षांचा उपयोग काय झाला? तो म्हणाला, 'भाऊ, कागद आला की मी घाबरत नाही.' हे मला पटलं, कारण माझ्या टेबलासमोर रोज शंभर माणसं अशी येतात ज्यांना वाचता येतं, पण कागदाची भीती वाटते. माझा धंदाच त्या भीतीवर चालतो. ज्या शिक्षणाने ती भीती जाते, त्याचे पैसे कुठल्या ना कुठल्या वाटेने वसूल होतात. ज्याने जात नाही, त्याचं फक्त लॅमिनेशन होतं.

आता मूळ मुद्दा. माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मोठी सोय झाली. पण फी माफ झाली म्हणजे चार वर्षं फुकट झाली असं नाही. ती वर्षं तिची आहेत. म्हणून मी पुरवणीतल्या तीन कॉलेजांना फोन केला आणि एकच गोष्ट विचारली. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडून जी मुलं बाहेर पडली, ती आज काय करतात आणि किती कमावतात? एकाने फोन ठेवला. दुसऱ्याने पुढच्या रविवारी सेमिनार आहे, पालकांना चहा-नाश्ता आहे, असं सांगितलं. तिसरीकडच्या मॅडम प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, 'सर, असं कुणी विचारत नाही, आमच्याकडे ठेवलेलंच नसतं.'

ठेवता येतं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत जी कॉलेजं उतरतात त्यांना किती मुलांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे द्यावं लागतं, आणि ते त्यांच्या वेबसाइटवर असतं. जळगाव-धुळे-नंदुरबारमधली तालुक्याची बहुतेक कॉलेजं त्या भानगडीत पडत नाहीत. मध्यक हा शब्द पालकांना जड वाटेल, म्हणून उदाहरण देतो. दहा मुलं. एकाला वर्षाला १२ लाख, नऊ जणांना महिना १२ हजार. जाहिरातीत येणार १२ लाख. सरासरी काढली तर निघणार अडीच लाख. आणि पगाराप्रमाणे ओळीने उभे केले तर मधल्या मुलाला पडतात वर्षाला एक लाख ४४ हजार. माझी मुलगी टॉपर नाही, शेवटचीही नाही. तिच्या बापाला त्या मधल्या मुलाचा आकडा हवा आहे. आणि त्यात घरी बसलेलेही धरलेले हवेत, शून्य लावून.

एक प्राध्यापक गिऱ्हाईक आहेत, चांगले आहेत, त्यांच्याशी यावर वाद झाला. ते म्हणाले, शिक्षण म्हणजे काय फक्त पगार का? नागरिक घडतो, विचार करायला शिकतो. शंभर टक्के मान्य. मग जाहिरातीतही तेच छापा ना! 'आमच्याकडे विचार करायला शिकवतात' असं छापा, मी मुलीला घेऊन येतो. पण पॅकेज तुम्ही छापणार आणि पगार आम्ही विचारला की शिक्षणाचा बाजार करू नका म्हणणार, हे जमायचं नाही. त्यांचा दुसरा मुद्दा होता की मुलं पगार खोटे सांगतात. सांगतात, बायोडाट्याचं मी वर लिहिलंच आहे. मग निदान एवढं तरी छापा, की साठ जणांच्या वर्गातले किती पर्मनंट, किती कॉन्ट्रॅक्टवर, किती शेतीत, किती भरतीची तयारी करतायत आणि किती मुलींची लग्नं होऊन पदवी कपाटात आहे. एवढं कळायला पगाराची स्लिप लागत नाही. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच.

आमच्या जळगावच्या विद्यापीठालाही सांगणं आहे. १९९० पर्यंत इकडची पदवी पुणे विद्यापीठाची असायची. आपलं विद्यापीठ आलं, मुलांची पायपीट वाचली, मुली जास्त शिकल्या, हे उपकार आहेत. विद्यापीठाकडे प्रत्येक मुलाचा मोबाइल आणि ईमेल असतो. निकालाचे, फीचे मेसेज बरोबर येतात. तीन वर्षांनी अजून एक मेसेज पाठवायचा आणि चार प्रश्न विचारायचे. उत्तरं कॉलेजवार, शाखावार लावायची. जे कॉलेज लावणार नाही, त्याच्या नावापुढे 'माहिती दिली नाही' एवढं लिहायचं. त्यानेही पालकाला बरंच कळेल.

आणि आपल्याला विनंती, संपादक साहेब. जाहिरात नाकारा असं मी म्हणत नाही. जाहिरातीचा फॉर्म भरून घेता त्यात एक ओळ वाढवा: 'सर्वोच्च पॅकेज' छापायचं असेल तर त्याच्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरात, त्या बॅचचे एकूण किती विद्यार्थी आणि मधल्याला किती पगार, हेही छापावं लागेल. ज्याला नको असेल त्याने दोन्ही छापू नयेत.

आपला वाचक,
एक महा ई-सेवा केंद्रचालक,
चोपडा, जि. जळगाव

ता. क. पत्र छापलंत तर माझं आणि केंद्राचं नाव घालू नये. ज्या कॉलेजांना फोन केला होता, त्यातल्या दोघांचे प्रवेश अर्ज सध्या आमच्याकडेच भरले जातायत.